चिन्मयच्या मतदारसंघात कोण येणार? (फॅमिली ग्रुपवरून)

रविवार, 27 ऑक्टोबर 2024

मुग्धा वहिनी: आम्ही दोघं मतदान करून आलो 🙂 इकडे न्यू जर्सीत कालपासून अर्ली व्होटिंग (मुख्य दिवसाआधीचं मतदान) सुरू झालंय. म्हटलं दिवाळीआधी उरकून टाकू.

नानाकाका: वा! ट्रम्प की कमला?

मुग्धा वहिनी: नाना, गुप्त मतदान असतं 😄

बेबीआत्या: शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाका गं.

मुग्धा वहिनी: शाई नाही लावत आत्या, स्टिकर देतात. ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही. स्क्रीनवर सही केली, त्यांनी जुन्या सहीशी ताडून पाहिली, झालं.

बेबीआत्या: कमाल आहे. इथे माझ्या आधारवरचा फोटो बघून प्रत्येक जण माझ्याकडेच संशयाने बघतो.

चिन्मय: काका, प्रेसिडेंटचं सोडा. न्यू जर्सी कमलाकडेच जाईल असं सगळे धरून चाललेत. आमच्या ब्रिजवॉटरला खरी चुरस खासदारकीची आहे. सातवा मतदारसंघ. विद्यमान खासदार टॉम कीन ज्युनिअर, रिपब्लिकन. समोर सू ऑल्टमन, डेमोक्रॅट.

नानाकाका: विद्यमान आहे ना? मग अर्धी लढाई जिंकलाच की. ओळखी असतात, कामं केलेली असतात, पैसा असतो.

चिन्मय: इथे तसं नाही हो. 2018 ला लेनर्ड लान्स म्हणून रिपब्लिकन खासदार होते, पाच टर्म झालेले. ट्रम्पच्या 2017 च्या टॅक्सच्या कायद्याला त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन विरोध केला होता. त्याच कायद्यामुळे आमची घरपट्टी आणि राज्याचा इन्कम टॅक्स मिळून फक्त 10,000 डॉलरपर्यंतच वजावट मिळायला लागली. न्यू जर्सीत नुसती घरपट्टीच कित्येकांची त्याच्या वर जाते. आमचीही जाते. लोक चिडले ते पक्षावर, पण घरी बसले लान्स, ज्यांनी विरोधात मत दिलं होतं ते! त्यांच्या जागी टॉम मालिनोव्स्की आले, डेमोक्रॅट. 2020 ला ते या कीनविरुद्ध जेमतेम पाच-साडेपाच हजार मतांनी वाचले. आणि 2022 ला त्याच कीनकडून पडले.

नानाकाका: काय भानगड केली होती?

चिन्मय: शेअरची खरेदी-विक्री वेळेत जाहीर केली नाही म्हणून बोंब झाली होती, ते एक. पण खरा दणका नकाशाचा. जनगणनेनंतर इथे मतदारसंघ नव्याने आखतात. आमच्याकडे त्यासाठी कमिशन आहे, दोन्ही पक्षांचे सहा-सहा जण आणि तेरावा निर्णायक मताचा. तेराव्याने डेमोक्रॅट्सचा नकाशा उचलला. आणि त्या नकाशात त्यांनी आपले बाकीचे खासदार सुरक्षित करायला मालिनोव्स्कींच्याच मतदारसंघात रिपब्लिकन भाग वाढवला.

नानाकाका: म्हणजे स्वतःच्याच माणसाचा बळी!

चिन्मय: हो ना. तरी ते लढले आणि तीन टक्क्यांच्या आतच पडले.

सागर: नानाकाका, कीनचं घराणं पण बघा. वडील न्यू जर्सीचे गव्हर्नर, 9/11 च्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष तेच. आजोबा 20 वर्षं खासदार. पणजोबा सिनेटर.

नानाकाका: अरे मग इथल्यासारखंच की! घराण्याचा मुलगा म्हटल्यावर सोपंच.

चिन्मय: सोपं कसलं. हा मुलगा आधी तीनदा पडलाय. 2000 ला याच जागेच्या पक्षांतर्गत निवडणुकीत, 2006 ला सिनेटला, मग 2020 ला. आडनावाने दार उघडतं, आत जाऊ देतीलच असं नाही.

मुग्धा वहिनी: आणि आता दोन्हीकडून जपून बोलावं लागतं त्यांना. एकीकडे बेडमिन्स्टर, ट्रम्पचा गोल्फ क्लब आमच्याच मतदारसंघात आहे. दुसरीकडे आमच्यासारखी उपनगरं, जिथल्या बायका गर्भपाताच्या प्रश्नावर मत देतात. ऑल्टमनबाई म्हणतात, खासदार लोकांना भेटतच नाहीत. मला तरी त्यात तथ्य वाटतं.

चिन्मय: मला नाही वाटत. जिथे काहीही बोललं तरी निम्मा मतदारसंघ चिडतो तिथे कमी बोलणं हीच अक्कल.

बेबीआत्या: घरात दोन पक्ष झाले वाटतं 🤭

सागर: मी इथे टॅक्स भरतो, पण नागरिक नाही म्हणून मत नाही. आधीच्या भाडेकरूच्या नावाने रोज तीन-तीन गुळगुळीत पत्रकं येतात. एकात कीन खलनायक, दुसऱ्यात ऑल्टमन. त्याच लाल-काळ्या रंगात दोघंही तितकेच भेसूर दिसतात.

नानाकाका: आमच्याकडे विधानसभेला अजून कोण कुणाच्या विरोधात उभं आहे तेच समजत नाहीये. परवा अर्जांची शेवटची तारीख, बंडखोर रांगेत.

गुरुवार, 7 नोव्हेंबर

चिन्मय: कीन आले. पाच टक्क्यांच्या आसपास फरक, मागच्यापेक्षा जास्त.

नानाकाका: म्हटलं होतं ना, विद्यमान.

चिन्मय: एक म्हणजे नियम नव्हे काका 🙂 खासदारकी इथे दोनच वर्षांची. 2026 ला परत तीच पत्रकं.

नानाकाका: मग त्या घरपट्टीच्या वजावटीचं काय होणार?

चिन्मय: मर्यादा वाढवायला हवी असं दोन्ही उमेदवार म्हणत होते. बघू. नोव्हेंबरचा हप्ता तर भरायचाच आहे.