सीबीआय बंद करावी की सुधारावी?

वाटसरू

बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडतो. सीबीआय बंद करावी, या मतावर मी आलो आहे. डागडुजी पुष्कळ झाली.

देशातली सगळ्यात मोठी तपास यंत्रणा म्हणून जिच्याकडे आपण बघतो, ती संसदेच्या कायद्यातून जन्मलेलीच नाही. १ एप्रिल १९६३ ला गृह मंत्रालयाने एक ठराव केला आणि सीबीआय उभी राहिली. अटक, झडती, जप्ती हे अधिकार ती वापरते ते दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा, १९४६ याच्या आधारावर. त्या कायद्याचं मूळ आणखी मागे, १९४१ मध्ये. महायुद्ध चालू होतं, युद्ध आणि पुरवठा खात्यात लाचखोरी माजली होती, ती पकडायला इंग्रजांनी एक पथक नेमलं. त्या पथकासाठी केलेल्या कायद्याच्या जोरावर २०२४ मध्ये पदावर असलेल्या मुख्यमंत्र्याला अटक झाली. तो मुख्यमंत्री दोषी की निर्दोष, हा माझा मुद्दा नाही. एवढा मोठा अधिकार इतक्या तोकड्या पायावर उभा आहे, हा आहे.

६ नोव्हेंबर २०१३ ला गुवाहाटी उच्च न्यायालयाने याच जागेवर बोट ठेवून १९६३ चा ठराव रद्द केला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सरन्यायाधीशांच्या घरी सुनावणी होऊन निकालाला स्थगिती मिळाली. तिला दहा वर्षं उलटून गेली आणि संस्था त्या स्थगितीच्या टेकूवर उभी आहे.

सुधारणा करून पाहिल्या की! १९९७ मध्ये हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत दिली, देखरेख केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवली. पुढे २०१३ मध्ये काय झालं? कोळसा खाण प्रकरणाचा अहवाल न्यायालयात जाण्याआधी कायदामंत्र्यांच्या नजरेखालून गेला, त्यात फेरफार झाले. तेव्हा न्यायालयाने ‘पिंजऱ्यातला पोपट’ म्हटलं. मंत्र्याला जावं लागलं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. उज्जल भुयान यांना याच सीबीआयला पुन्हा सांगावं लागलं की आपण पिंजऱ्यातला पोपट नाही हे दाखवून द्या. मधल्या काळात सरकार बदललं, पक्ष बदलला. पिंजरा जागच्या जागी.

माणदेशी

वाटसरू, तुमचं लिखाण नेहमी वाचतो, पण इथे अजिबात पटलं नाही. बंद करून तपास कोणाकडे द्यायचा? तालुक्याच्या ठाण्याकडे?

माझ्या आत्याचा मुलगा रस्त्यावर गाडीखाली सापडून गेला. गाडी कोणाची हे अख्ख्या गावाला माहीत होतं. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी तर नंबरसुद्धा सांगितला. पंचनामा हातात आला तेव्हा त्यात लिहिलेलं, ‘अज्ञात वाहन’. टपरीवाल्यांचे जबाब घेतलेच नव्हते. आत्याने वहीचे कागद फाडून अर्ज लिहिला, खाली दोनदा रेघ मारून: ‘तपास सीबीआयकडे द्यावा ही नम्र विनंती’. तिला १९४६ चा कायदा माहीत नाही. ज्याची बदली आमच्या आमदाराच्या हातात नाही असा कोणीतरी साहेब तिला हवा आहे, बस्स.

देशभरात हीच मागणी होते. मोर्चा निघाला की पहिलं वाक्य ‘सीबीआय चौकशी करा’. लोक खुळे नाहीत हो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा तपास २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावा लागला, तो उगाच?

वाटसरू

माणदेशी, आत्यांचं वाचून वाईट वाटलं. तिथे न्याय मिळायलाच हवा.

पण दाभोलकरांचं उदाहरण तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. खून २० ऑगस्ट २०१३ ला. निकाल १० मे २०२४ ला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. कट कोणी रचला ते न्यायालयापुढे सिद्ध झालंच नाही. जवळपास अकरा वर्षं! टू-जी (दूरसंचार परवाने वाटप) खटल्याचंही तेच, २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष. रोज सकाळी दहा ते पाच, उन्हाळी सुट्टीतसुद्धा, ग्राह्य पुराव्याची सात वर्षं वाट पाहिली, असं न्यायाधीशांनी निकालात लिहून ठेवलंय. लोक सीबीआय मागतात, कारण त्यांच्यासमोर दुसरं काही ठेवलेलंच नाही.

जुना कारकून

दोघांच्याही बोलण्यात मोठी नावं आणि मोठे खटले आहेत. मी छोटं सांगतो.

नोकरीत असताना मला एकदा सीबीआयच्या सापळ्यात पंच म्हणून पाठवलं होतं. सरकारी कर्मचाऱ्यांनाच पंच घेतात, साक्ष फिरवण्याची शक्यता कमी म्हणून. तक्रारदार साधा कंत्राटदार होता, बिल पास करायला एक अधिकारी पैसे मागत होता. आमच्यासमोर नोटांचे नंबर लिहून घेतले, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावली. पावडर पांढरी, नोटेवर दिसतही नाही. अधिकाऱ्याने पैसे घेऊन खिशात घातले, मागोमाग पथक आत. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात त्याची बोटं बुडवली तशी पाणी गुलाबी झालं. कोणी आवाज चढवला नाही की धक्काबुक्की केली नाही. ते पाणी बाटलीत भरून लाखेने सील केलं, चिठ्ठीवर मी सही केली.

सहा वर्षांनी साक्षीला गेलो. बाटली समोर ठेवली, रंग पार उडालेला. पण चिठ्ठीवर माझी सही होती. तपास अधिकारी तोवर आपल्या मूळ राज्यातल्या पोलीस दलात परत गेलेला, रात्रभर रेल्वेने प्रवास करून आला होता. उलटतपासणीत एक तारीख चुकली नाही त्याची. शिक्षा झाली.

वर्तमानपत्रात ही बातमी चार ओळींची. सीबीआय बंद करा म्हणताना हे रोजचं कामही बंद होणार, याचा विचार करा.

वाटसरू

काका, तुमच्या त्या अधिकाऱ्याला माझा नमस्कार. पण सापळे राज्यांचे लाचलुचपत प्रतिबंधक विभागही लावतात, तसेच, त्याच पावडरने. त्यासाठी पोपट पाळायची गरज नाही.

आणि संसदेला मनावर घेतलं तर जमतं. २६/११ नंतर महिनाभरात एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा, कायदा मंजूर झाला. मग सीबीआयचाच कायदा १९६३ पासून का अडलाय? कारण ती कायद्याविना असणंच दिल्लीतल्या प्रत्येक सरकारला सोयीचं आहे. म्हणून आधी ती मोडा. मोडल्याशिवाय नवी बांधायची निकड कोणालाच वाटणार नाही.

काळा कोट

वाटसरूंच्या पहिल्या लेखातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र उलटा निघतो. वकिली करताना ज्यांच्याशी रोज गाठ पडते ते सांगतो.

१९४६ च्या कायद्यातलं कलम ६ वाचा. राज्याच्या संमतीशिवाय सीबीआयला राज्यात अधिकार चालवता येत नाहीत. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वसाधारण संमती, म्हणजे दर प्रकरणात वेगळं न विचारता चालणारी, काढून घेतली, सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. पश्चिम बंगाल, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक यांनीही ती काढून घेतली. आता तुम्हीच कौतुकाने सांगितलेल्या एनआयएकडे बघा. तिला ही संमती लागत नाही. ईडीलाही (सक्तवसुली संचालनालय) लागत नाही. ज्या जुन्यापुराण्या कायद्याला आपण नावं ठेवतोय, त्यानेच सीबीआयला राज्याच्या उंबऱ्यावर थांबून विचारायला लावलं आहे. उद्या सीबीआय मोडलीत तर ती जागा रिकामी राहील का? दुसऱ्या दिवशी तिथे नवी संस्था येईल, आणि तिच्या कायद्यात कलम ६ नसेल. मला भीती आहे ती याची.

दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो. लोकपाल कायद्यापासून संचालकाची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती करते. नेमणूक त्यामुळे थोडी सुधारली. पण २०२१ पासून दोन वर्षांनंतर एकेक वर्ष करत पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते. खुर्ची दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीवर राहणार असेल, तर त्या वर्षी कोणती फाईल उघडायची आणि कोणती नाही हे कोणी सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये संचालक आणि विशेष संचालक दोघांनाही मध्यरात्री रजेवर पाठवलं, ते आठवा. एकच ठाम मुदत द्या, वाढ नको. दुसरं दुखणं प्रतिनियुक्तीचं. वरचे बहुतेक अधिकारी आयपीएस, राज्यांतून येतात, राज्यांत परत जातात. काकांचा अधिकारी रात्रभर प्रवास करून आला, हे त्याचं मोठेपण. सगळेच तसे येतील यावर खटले उभे करता येत नाहीत. संस्थेला स्वतःचे अधिकारी हवेत.

वाटसरू

कलम ६ चा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे मान्य करतो. ‘आधी मोडा’ हे मी मागे घेतो. पण नवा कायदा करताना संमतीचं कलम तसंच राहील, हे कोण बघणार? राज्यसभेत राज्यांचे खासदार बसतात, त्यांच्यापैकी किती जण यावर उभे राहतील? माझा विश्वास बसत नाही.

माणदेशी

मोठ्या चर्चेत माझं एक छोटं विचारतो. आत्याने अर्जाच्या पाच प्रती केल्या, कुठूनच उत्तर नाही. राज्य सरकारने संमती दिली नाही तरी न्यायालय तपास सीबीआयकडे देऊ शकतं का? गावातले वकील नक्की सांगत नाहीत.

काळा कोट

देऊ शकतं. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध कमिटी फॉर प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स, १७ फेब्रुवारी २०१०, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. उच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवाय आदेश देऊ शकतं, पण हा अधिकार क्वचित, अपवादात्मक परिस्थितीत वापरायचा असंही त्याच निकालात आहे. त्यामुळे नुसता अर्ज पुरणार नाही. पंचनाम्याची प्रमाणित प्रत काढा. टपरीवरच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या, गाडीच्या नंबरासकट, आणि ती लवकर घ्या. कोणी त्यांच्या घरी जाऊन बसायच्या आत.