बहिणीच्या कन्यादानाला आईनेच बसावं असं वाटतं. काका-काकूंना न दुखावता कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, कार्यालय सांगलीत. वडील २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून घर आईनेच ओढलंय. बहिणीचं राहिलेलं शिक्षण तिने पुरं करवलं, स्थळ आलं तेव्हा पहिली बोलणीही तिनेच केली.

आता कन्यादानाला मोठे काका-काकू बसणार, असं सगळे धरून चाललेत. पत्रिकेचा मसुदा काकांनी केलाय. निमंत्रक म्हणून त्यांचं आणि काकूंचं नाव, मुलीच्या नावाखाली 'कै.' लावून वडिलांचं. आईचं नाव कुठेच नाही. हे कुणी मुद्दाम केलं असं मला अजिबात वाटत नाही. आमच्याकडे पत्रिका अशाच छापत आलेत.

काकांबद्दल आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. वडील गेल्यावर दवाखान्याच्या बिलापासून सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते माझ्याबरोबर उभे होते. आताही कार्यालय, आचारी, मंडपवाला, सगळं त्यांनीच बोलून ठेवलंय. बस्त्याची तारीखसुद्धा त्यांनीच काढली. त्यांना कमीपणा वाटेल असं काही माझ्या हातून व्हायला नको आहे.

पण आईचं काय? तिला विचारलं तर म्हणते, "कशाला उगीच? लोक नावं ठेवतील. मी मागं बसून डोळे भरून बघेन की." परवा आत्याकडे बहिणीचं केळवण होतं. जेवणानंतर हळदीकुंकवाचं तबक फिरायला लागलं तशी आई उठली आणि आमटीचं पातेलं उचलून आत घेऊन गेली. तबक देवापुढे परत गेल्यावरच बाहेर आली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. बहीण हे बघत होती. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "दादा, आई पाटावर बसणार नसेल तर मी रजिस्टर लग्न करते." ती नुसतं बोलणाऱ्यातली नाही. विशेष विवाह कायद्याखाली करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे तेही आत्ताच ठरवायला हवं.

हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी काकांनीच आम्हाला वाचून दाखवली होती, "चांगलं केलं" असंही म्हणाले होते. म्हणून आशा वाटते. पण बातमी वाचणं वेगळं आणि आपल्याच मांडवात करणं वेगळं, हेही कळतं.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सविस्तर लिहा. गुरुजी तयार होतात का? काका-काकूंना कुठला मान द्यावा, जो नुसता समजूत काढण्यापुरता नसेल? आणि मुख्य म्हणजे आईला कसं राजी करावं?

प्रतिसाद १

शास्त्राची अडचण कुणी काढलीच तर याज्ञवल्क्य स्मृतीचा आचाराध्याय दाखवा. कन्या कोणी द्यावी याचा क्रम तिथे दिलाय: वडील, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष आणि मग आई. म्हणजे आई शेवटी असली तरी आहे. त्या क्रमाने काकांच्या आधी तर तुम्हीच येता! तेव्हा "मी माझा मान आईला देतो" असं तुम्ही म्हणू शकता. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीकडून पौरोहित्य शिकलेले स्त्री-पुरुष पुरोहित आहेत, ते मंत्रांचा अर्थ सांगत विधी करतात. तुमच्या गुरुजींनी नाहीच म्हटलं तर तिकडे चौकशी करा.

प्रतिसाद २

माझ्या लग्नात आईच बसली होती, म्हणून लिहिते. आम्ही कामं अशी वाटली: देवक बसवायला आणि आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला काका-काकू, कन्यादानाला आई. विहिणीची ओटी आई आणि काकूने मिळून भरली. लाह्या द्यायला आणि कान पिळायला भाऊ होताच, मामांनी मला मांडवात आणलं. कुणीच रिकाम्या हाताने उभं राहिलं नाही.

एक गोष्ट मात्र नक्की सांगेन. हा विषय बैठकीत काढू नका. चारचौघांत विचारलं की माणसाला आपली बाजू धरून बसावं लागतं. काकांना एकट्याला गाठा. आणि "आईला बसू द्या" अशी परवानगी मागू नका, "आईला तुम्हीच सांगा" असं म्हणा. तुमची आई तुमचं ऐकणार नाही, कारण तिच्या लेखी तुम्ही लहान. पण थोरल्या दिरांनी शब्द टाकला तर मोडणार नाही. आमच्याकडे असंच झालं. पुढे कुणी कुजबुजलं तेव्हा काकाच पुढे झाले, कारण निर्णय त्यांचा होता.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. फक्त मुलाकडे आधी कळवा, बहिणीनेच नवऱ्या मुलाला सांगितलेलं बरं. ऐन मांडवात त्यांच्याकडच्या एखाद्या आजींनी काही विचारलं तर सगळी मेहनत वाया जायची. आणि हळदीलाही आईला पुढे करा. कन्यादानाला मान आणि हळदीला मागं, असं नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून काल संध्याकाळी काकांकडे गेलो. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुझी आई बसेल का पण?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तर बसेल. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी नको, मी सांगते तिला. जावेचं जाऊ ऐकते." आज सकाळी त्या आमच्याकडे येऊन दोन तास आईशी बोलत बसल्या. काय बोलणं झालं ते दोघीही सांगत नाहीत. आई सध्या "बघू" म्हणतेय, पण काकूंबरोबर कन्यादानासाठी साडी बघायला जायला तयार झालीय. गुरुजींशी काका उद्या बोलणार आहेत. मुलाकडे बहिणीने कळवलंय, विहीणबाईंना आनंदच झाला.

पत्रिका मात्र या आठवड्यात छापायला द्यायचीय. निमंत्रक म्हणून आईचं नाव आधी आणि काका-काकूंचं सोबत, असा मजकूर कुणाकडे असेल तर इथेच टाका. आईच्या नावामागे 'श्रीमती' लावावं की काहीच न लावता नुसतं नाव द्यावं, हेही सांगा. बहिणीला नुसतं नाव हवंय, काकांना 'श्रीमती' बरं वाटतंय.