पावसाळ्यात इलेक्ट्रिक गिटारच्या तारा: साध्या, कोटेड की स्टेनलेस?

खारं_वारं

नमस्कार मंडळी. गिटार स्ट्रॅट धाटणीची, स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) 25.5 इंच, ट्रेमोलो तरंगता, म्हणजे तारा अडकवलेला ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तोललेला. सेट निकेल प्लेटेड, 10-46 (सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). मुक्काम वर्सोवा, समुद्र हाकेच्या अंतरावर. वाजणं रोज तासभर.

उन्हाळ्यात सेट सहा-सात आठवडे जातो. जून लागला की तीन आठवड्यांत पहिल्या तीन तारा बोटाला खरखरीत लागतात आणि खालच्या तीन बद्द वाजायला लागतात. कोटेड (लेप दिलेला) सेट साध्याच्या दुपटीने पडतो, म्हणून घेण्याआधी विचारतोय:

कोटिंगमुळे वरची चमक नेमकी किती जाते? स्टेनलेस घेतला तर गंजाचा प्रश्न मिटेल का, आणि फ्रेटचं (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचं) काय होईल? शिवाय पहिली तार महिन्यातून एकदा सॅडलपाशी (ब्रिजवर तार टेकते तिथे) तुटते, हा तारेच्या कंपनीचा दोष समजायचा का?

"कानाला बरं वाटेल ते लावा" हा प्रतिसाद कृपया नको. :)

सहावी_तार

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. खरखर हा गंज आहे. बद्दपणा हा मळ आहे. दोन्हींवर औषध एक नाही.

पहिल्या तीन तारा म्हणजे नुसती हाय कार्बन पोलादाची तार, वर कथलाचा पातळ मुलामा. बोटाच्या आणि फ्रेटच्या घर्षणाने तो मुलामा आधी तारेच्या खालच्या बाजूला उडतो, तिथे घामातलं मीठ आणि दमट हवा पोचली की गंज धरतो. म्हणून वरून तार चकचकीत दिसते आणि बेंड करताना (तार आडवी ओढून सूर चढवताना) मात्र कानशीसारखी घासते. तार किंचित उचलून खालून नख फिरवा, लगेच कळेल.

चौथी ते सहावी या गुंडाळलेल्या तारा: आत बहुधा षटकोनी पोलादी गाभा, त्यावर निकेलचा मुलामा दिलेली पोलादी तार. वेटोळ्यांच्या फटींत घाम, तेल, त्वचेचा भुगा साचतो. त्याने कंपन दबतं आणि वरचे स्वरांश आधी मरतात. मूळ सूर तसाच राहतो, फक्त कोणीतरी तारेवर हात ठेवल्यासारखं वाटतं.

आता स्टेनलेस. इथे बहुतेकांची फसगत होते. पाकिटावर स्टेनलेस लिहिलेलं असलं तरी ते सहसा फक्त गुंडाळलेल्या तारांबद्दल असतं. पहिल्या तीन त्याच कथलाच्या मुलाम्याच्या. प्युअर निकेलच्या सेटचंही तेच. म्हणजे तुमची खरखर जिथे आहे तिथे स्टेनलेसने काहीही फरक पडणार नाही. खालच्या तीन तारा जास्त तेज वाजतील, गंजणार जवळपास नाहीत, पण फटीत मळ साचायचा तो साचेलच. आणि फ्रेट निकेल सिल्व्हरचे असतील (नावात चांदी, प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त), तर स्टेनलेसचं वेटोळं त्यांना लवकर खातं. फ्रेट स्टेनलेसचे असतील तर ही काळजी सोडा.

कोटिंगचे प्रकार दोन. एकात गुंडाळून झालेल्या पूर्ण तारेवर पातळ पडदा चढवतात, त्यामुळे फटी बंद होतात. एलिक्सर 1997 पासून हेच करते. दुसऱ्यात गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप देतात. मळाविरुद्ध पहिला प्रकार वरचढ, हाताला दुसरा प्रकार साध्या तारेच्या जवळचा. एलिक्सरमध्ये पॉलीवेब जाड आणि गुळगुळीत, नॅनोवेब त्याहून पातळ, ऑप्टिवेब साध्या तारेच्या सगळ्यांत जवळ. त्यांच्या प्लेन तारांना हा पडदा नसतो, गंजरोधक मुलामा असतो, आणि वर्सोव्याला खरा उपयोग त्याचाच आहे.

चमक किती जाते? नवी साधी आणि नवी कोटेड शेजारी ठेवली तर वरच्या टोकाला थोडा फरक ऐकू येतो, क्लीन टोनवर (आवाज न फाडता) जास्त, गेनवर (आवाज फाडून) जवळजवळ नाही. पण साध्या तारेची ती जादाची चमक पहिल्या काही तासांचीच असते. तिसऱ्या आठवड्यात तुलना केलीत तर निकाल उलटा लागेल.

सॅडलवाला

पहिली तार एकाच जागी परत परत तुटत असेल तर कंपनीला बोल लावू नका.

हिशेब बघा. 0.010 इंचाच्या तारेवर 25.5 स्केलला ई सुरात साधारण 16 पाउंड, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास ताण असतो. पूर्ण एका स्वराचा बेंड केला की ताण 26 टक्के वाढतो. तरीही पोलाद तुटायच्या मर्यादेपासून बरंच अलीकडे राहतं. म्हणजे तार ताणाने तुटत नाहीये, कुठल्यातरी धारेवर कापली जातेय. तुटलेलं टोक परत सॅडलवर टेकवून बघा:

तुटलेली जागा बरोबर सॅडलच्या माथ्यावर येत असेल तर तिथे कंगोरा आहे. तारेच्या टोकाच्या गोळ्याजवळच्या पिळात तुटली असेल तर पीळच कमकुवत, तेव्हा पिळावर बारीक तार गुंडाळून मजबूत केलेल्या प्लेन तारा घ्या (एर्नी बॉलच्या आरपीएस तशा आहेत). खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड. नटपाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी) तुटणं कमी, तिथे आधी सूर लावताना "टिंग" असा आवाज येतो. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की तो जातो.

सॅडलचा इलाज: तार काढा, 600 नंबरचा पाणकागद अरुंद पट्टी करून जुन्या सहाव्या तारेच्या तुकड्याभोवती गुंडाळा, तार ज्या दिशेने जाते त्याच दिशेने दहा-बारा वेळा ओढा. मग 1000 नंबरने गुळगुळीत करा. आडवं घासू नका, खाच रुंद होते आणि मग तार आत डुलते. सतारीची जवारी सतारीवर छान, पॉवर कॉर्डला नको. खाली पिकअपवर (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांवर) मास्किंग टेप लावायला विसरू नका. सॅडल पोलादी असेल तर भुगा थेट चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही.

आणखी एक, कोटेड आणि गोल गाभ्याच्या गुंडाळलेल्या तारांसाठी: खुंटीपाशी आधी काटकोनात मोडा, मगच जादा टोक कापा. सरळ तार कापली तर वेटोळं गाभ्यावरून सुटतं आणि तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. दोष मात्र पाकिटाला जातो.

निकेल_नाना

वरच्या दोघांशी सहमत, पण स्टेनलेसइतकंच झटपट प्युअर निकेलला बाजूला सारू नका. त्याचा आवाज गोल आणि पिकअपमधून जरा हलका येतो. नवं-जुनं यातला फरकही कमी जाणवतो, कारण मरायला चमकच थोडी असते. ब्लूज-रिदमवाल्यांना ते चालतं. मेटलला नाही.

पण तुलना करायची तर नीट करा. काल रात्री जुन्या तारा, आज सकाळी नवा सेट, मधे पिकअपची उंची बदललेली, अशी तुलना काही कामाची नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या पोलपीसपर्यंतचं (वर दिसणाऱ्या चुंबकाच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलला सहावीकडे 2 मिमी, पहिलीकडे 1.6 मिमी हे फेंडरचं माप सुरुवातीला ठीक. मग गिटार थेट इंटरफेसमध्ये (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्यात), टोन-व्हॉल्यूम पूर्ण उघडे, पिक तोच, जागा तीच (मधल्या आणि ब्रिज पिकअपच्या मधोमध), प्रत्येक मोकळी तार चार वेळा. हे रेकॉर्डिंग तारा लावल्यावर तासाभराने करा, आणि मग 10 आणि 20 तास वाजवून झाल्यावर. तारा लावल्या लावल्या केलेलं धरू नका, तेव्हा सगळेच सेट सारखे झणझणतात.

सोबत ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर यांतला फरक सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) लिहून ठेवा. लावताना फरक 2 सेंटच्या आत होता आणि सॅडलला हात न लावता तो 5-6 वर गेला, तर तार संपली. कान काहीही म्हणोत. याचं कारण डोळ्यांना दिसतं: गुंडाळलेली तार काढून तिची खालची बाजू उजेडात धरा, प्रत्येक फ्रेटच्या जागी चपटा ठसा दिसेल. तार सगळीकडे सारखी जड राहिली नाही की ती शुद्ध सुरात बोलत नाही. हे ठसे कोटिंगने थांबत नाहीत. "कोटेड सेट सहा महिने जातो" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागतो का ते) कधी बघितलं होतं?

तेलपाणी

वाजवून झाल्यावर पहिल्या तीन तारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. एक थेंब, कपड्यावर. गंज येत नाही, खर्च शून्य.

सहावी_तार

@तेलपाणी, प्लेन तारांपुरतं चालेल, थेंब कपड्यावरच असेल तर. गुंडाळलेल्या तारांना अजिबात नको, तेल फटीत बसतं आणि धूळ धरून ठेवतं. खोबरेल तर कुठल्याच तारेला नको, थंडीत थिजतं आणि पुढे खवट वास मारतो.

त्याहून महत्त्वाचं पुसणं. नुसतं वरून नाही. सुती किंवा मायक्रोफायबर कापडाची घडी तारेखाली सारायची, चिमटीत दोन्ही बाजूंनी धरायची आणि नटपासून ब्रिजपर्यंत ओढायची. सहा तारा, मिनिटभराचं काम. आणि वाजवण्याआधी हात धुवा, वडापाव नंतर.

घामेजलेली गिटार ओल्या गिग बॅगेत बंद करून ठेवणं सगळ्यांत वाईट, त्यापेक्षा भिंतीवर टांगलेली बरी. बंद हार्डकेस असेल तर सिलिका जेलची 50 ग्रॅमची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला की तारा आणि लाकूड दोघंही खूश. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत वापरा, स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र नको.

खारं_वारं

मंडळी, आभार. तुटलेलं टोक टेकवून पाहिलं, बरोबर माथ्यावर येतं. पाणकागद आणतो.

मग असं केलं तर: खालच्या तीन कोटेड, आणि वरच्या तीन सुट्या प्लेन, दर तीन आठवड्यांनी बदलायच्या? आणि पावसाळ्यापुरतं 9-42 वर उतरावं का, बेंड हलके जातील म्हणून?

सॅडलवाला

पहिली कल्पना उत्तम. 10, 13, 17 च्या प्लेन तारा सुट्या मिळतात, आणि गेज-स्केल-सूर तोच असेल तर कोणत्याही कंपनीची प्लेन तार सारख्याच ताणाला बसते. सेटअप हलणार नाही. एकेक करून बदला, तिन्ही एकदम काढल्या तर तरंगता ब्रिज मागे बसेल.

9-42 मात्र दोन महिन्यांच्या सोयीसाठी नको. 10-46 चा एकूण ताण सुमारे 47 किलो, 9-42 चा साडेअडतीसच्या जवळ. आठ-साडेआठ किलो उतरले की स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली येते, मान सरळ होते आणि पहिल्या काही फ्रेटना तारा घासायला लागतात. मग मागचा क्लॉ (स्प्रिंगा अडकवलेली पट्टी) ढिला करा, ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरी सोडा, इंटोनेशन परत लावा, आणि ऑक्टोबरमध्ये सगळं उलट. शिवाय बारीक तार गंजाला काही जास्त टिकत नाही.

निकेल_नाना

सुट्या तारा घेताना पाकीट बघून घ्या. डॅडारिओच्या सेटमध्ये गोळ्यांचे रंग ठरलेले असतात: सहावी पितळी, पाचवी लाल, चौथी काळी, तिसरी हिरवी, दुसरी जांभळी, पहिली रुपेरी. नकली सेटमध्ये रंग फिके किंवा अदलाबदल झालेले सापडतात. आत एक कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की खरं-खोटं कळतं. ऑनलाइन "निम्म्या भावात" दिसलं तर आधी तो कोड टाका, मग तार लावा.