मदत हवी आहे: जवाच्या पानांवर ठिपके, रोगप्रतिकारक बियाणं कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, निफाडजवळ आमच्या द्राक्षबागेच्या कडेला थोडा जव म्हणजे बार्ली लावलाय, आता खालच्या पानांवर गडद तपकिरी लांबट ठिपके आलेत, भोवती पिवळी कड, आणि ठिपके एकमेकांत मिसळून पान शेंड्याकडून वाळत चाललंय. भिंगातून बघितलं तर जाळीसारख्या रेषा नाहीत म्हणून नेट ब्लॉच (जाळीदार डागांचा बुरशीरोग) नसावा, मला स्पॉट ब्लॉच (ठिपक्यांचा बुरशीरोग) वाटतोय. भुरी (पानावर पांढरी पावडर आणणारा बुरशीरोग) तर नाहीच, ती आपण नाशिककर लांबूनच ओळखतो (आणि द्राक्षाची भुरी जवावर जात नाही, बुरशीच वेगळी, शेजारचे काका उगाच घाबरलेत).

फवारण्या किती करत बसायच्या, मला प्रतिकारक वाणच हवाय. जवात भुरीला रोखणारा एमएलओ नावाचा जीन आहे, जर्मनीत १९४२ साली एक्स-रे देऊन मिळालेला, पण या ठिपक्यांवर तो काही कामाचा नाही. अमेरिकेत एनडीबी ११२ या जवाच्या लाइनमधून (पैदाशीसाठीच्या वाणातून) आलेला स्पॉट ब्लॉचचा प्रतिकार कित्येक दशकं टिकला, तसं काही आपल्याकडं मिळेल का? कर्नालच्या गहू-बार्ली संस्थेतून कुणी थोडं बियाणं मागवलंय का, अर्ज कसा करायचा? आणि असा प्रतिकारक वाण आपल्या जवाशी क्रॉस (संकर) केल्यावर रोगाची नोंद रोपावस्थेत घ्यायची की ओंबी आल्यावर? प्लीज सांगा, पानांचे फोटो कमेंटमध्ये टाकतो.