कुलर, इतवारी आणि कर्जाची मुदत

घरखर्च कमी करून गृहकर्ज लवकर कसं फेडायचं, असं विचारलं की सल्ले येतात: पेपर बंद करा, दूध अर्धा लिटर कमी घ्या. त्यानं घरात कुरकुर वाढते, कर्ज काही हलत नाही. आपल्या नागपुरात पैसा जातो तो एप्रिल-मेच्या विजेत. दिवसभर एसी चालला की महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जातं आणि तिथला दरच वेगळा. आमच्याकडे दिवसा कुलर, गवत बदलून, समोरची खिडकी उघडी. एसी फक्त रात्री, एकाच खोलीत. (जूनमध्ये ढग आले की कुलर कामाचा नाही, चिकचिक होते, हे मान्य.) गहू, तुरीची डाळ वर्षाची इतवारीच्या ठोक बाजारातून, शेजाऱ्यांसोबत पोतं वाटून.

वाचलेले पैसे त्याच महिन्यात कर्जात टाका, नाही तं धरमपेठेच्या दुकानांत उडतात. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं धरा. हप्ता साधारण २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० नुसतं व्याज. मुद्दल उतरतं जेमतेम ४,७८५. वरून ५,००० भरले की दुप्पट उतरतं. म्हणून सुरुवातीच्या वर्षांतच भरा, आणि हप्ता नको, मुदत कमी करा असं बँकेला लेखी द्या. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँक लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

करसवलतीसाठी कर्ज ठेवा म्हणणाऱ्यांना एकच: राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात, ते आधी पाहा.