क्लबफूटचे बूट: मुलगी रात्री दोनला उठून रडते, आणि दुकानदार म्हणतो बार नकोच

कराडचा_बाबा

नमस्कार. मुलगी सात महिन्यांची आहे. डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, तळवा वर बघणारा, यालाच क्लबफूट म्हणतात. बाराव्या दिवशी पहिलं प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदलत सहा झाली. मग टाचेमागची धोंडशीर बारीकशा छेदातून कापली. आम्ही बाहेर बसलो होतो, चहा येईपर्यंत आटोपलंसुद्धा. त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते निघालं त्या दिवशी पाऊल इतकं सरळ दिसलं की आई देवळात नारळ फोडून आली.

त्यानंतर बूट. दोन बूट आणि मध्ये लोखंडी बार. पहिले तीन महिने २३ तास, आंघोळीपुरते काढायचे. ते आम्ही पाळलं, आणि तेव्हा ती फारशी रडलीही नाही. आता डॉक्टरांनी फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत घालायला सांगितलंय, तर रोज रात्री दोनच्या सुमाराला आकांत. आई उठते, "लेकराचे हाल करू नका" म्हणत बूट काढते, पायांना तेल चोळते आणि झोळीत टाकते. झोळीत बार आडवा येतो, म्हणून तिचा त्याच्यावर आधीपासूनच राग.

त्यात गेल्या आठवड्यात बेल्ट-पट्टे विकणाऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथला माणूस म्हणाला, चांगल्या पायाला कशाला बांधून ठेवताय, डाव्या पायापुरता प्लास्टिकचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा साचा) करून देतो, अडीच हजार. गुडघ्याखालपासून तळव्यापर्यंत येतो म्हणे. ऐकायला पटतं.

तर विचारायचं हे की एएफओवर भागेल का? आणि रडण्याचं तुम्ही काय केलंत? पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

(बायकोला अजून ऐकवतात की ग्रहणात विळीवर बसलीस. त्यावर कोणाकडे उत्तर असेल तर तेही द्या.)

निवांत_नाना

एवढं मनावर घेऊ नका. माझ्या भाच्याचं पाऊल असंच वाकडं होतं. बहिणीने रोज तिळाच्या तेलाने चोळून बाहेरच्या बाजूला वळवलं, दोन महिन्यांत सरळ. ना प्लास्टर, ना बूट. आज फुटबॉल खेळतो.

बार्शीकर_पुण्यात

नाना, तुमच्या भाच्याचं पाऊल बहुतेक पोटात दुमडून बसल्यामुळे वाकलेलं असणार. ते मऊ असतं, हाताने सरळ होतं, बऱ्याचदा आपोआपही सुटतं. यांच्या मुलीचं सहा प्लास्टर आणि शीर कापून सरळ झालंय. दोन्ही एकच समजू नका हो, लोक वाचून बूट काढतील.

दादा, माझा मुलगा आता पाच वर्षांचा आहे. दोन्ही पाय होते. आमचे बूट गेल्याच महिन्यात सुटले, त्यामुळे अजून रात्री झोपेत हात त्याच्या पायांकडे जातो.

रडण्याचं आधी. २३ तास असताना त्यांना दुसरं काही माहीतच नसतं. दिवसभर पाय मोकळे मिळायला लागले की बांधणं कळतं, त्यात सात महिन्यांचं मूल पालथं पडायला शिकलेलं असतं, बार मध्ये येतो. हा बराचसा राग असतो, दुखणं नसतं. पण आधी दुखणं नाही याची खात्री करा. बूट काढल्यावर पाय बघा. पट्ट्याखाली फिकट लाली आली आणि थोड्या वेळात गेली, तर काळजी नाही. टाचेच्या मागे गडद लाल चट्टा किंवा फोड आला, तर टाच बुटात बसत नाहीये, वर सरकतेय. त्या वेळी पंधरा दिवसांची वाट बघू नका, फोन करून लवकरची वेळ घ्या.

टाच बसली का ते बघायला बुटाला मागे भोक असतं. मला हे चौथ्या महिन्यात कळलं! तोपर्यंत मी ते हवेसाठी आहे असं समजत होते. गुडघा दुमडून टाच खाली दाबायची, मधला पट्टा सगळ्यात आधी आवळायचा, भोकातून टाच दिसली की मग नाडी किंवा बाकीचे पट्टे. आणि सैल बांधणं म्हणजे माया नाही, सैल बुटातच पाय घासतो. हे मी सासूबाईंना भोक दाखवून समजावलं, तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा घट्ट बांधायला लागल्या.

तेल. तुमच्या आईंना दुखावू नका, पण पावलांना रात्रीचं तेल बंद करा. कातडी मऊ होते, पाऊल बुटात सरकतं, फोड येतो. मालिश सकाळी आंघोळीआधी करू द्या, बूट नसतात तेव्हा. आमच्या घरी हा तह झाला आणि टिकला.

झोळीचं मात्र जमलं नाही. आम्ही शेवटी खाली गादी घातली आणि बारला जुन्या नऊवारीचं कापड गुंडाळलं, नाहीतर कडेवर घेताना आपल्याच बरगडीत बसतो. झोपायच्या अर्धा तास आधी, ती हसत-खेळत असताना बूट घाला. बार धरून दोन्ही गुडघे एकदम दुमडायचे, सरळ करायचे, सायकलसारखे वेगवेगळे नाहीत. दोन्ही पाय एकत्र हलतात हे कळलं की राग निम्मा उतरतो. आम्ही 'झुकझुक गाडी' म्हणायचो. बाकी बूट घालायचे की नाही याची चर्चा तिच्यासमोर रोज करू नका. रडल्यावर सुटतात हे एकदा कळलं की संपलं, पोरं हुशार असतात.

आता माझी चूक सांगते. मुलगा सव्वा वर्षाचा असताना दिराचं लग्न होतं. पाऊल इतकं सुरेख दिसत होतं की बूट पुण्यातच ठेवले, म्हटलं आठच दिवस. आठाचे दोन महिने झाले. उकिडवा बसून मातीत खेळताना डाव्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती. हे सगळ्यात आधी आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पाहिलं, मी नाही. पुन्हा तीन प्लास्टर. चालायला लागलेल्या पोराला मांडीपर्यंत प्लास्टर घालून तीन आठवडे धरून ठेवणं काय असतं, ते विचारूच नका. आणि पुन्हा बूट घालायची वेळ आली तेव्हा त्याला 'नको' म्हणता येत होतं.

ग्रहणाचं उत्तर: आमच्याकडे ग्रहण लागलं तेव्हा सासूबाईंनी मला खोलीतून हलू दिलं नव्हतं. विळी सोडा, सुई हाताला लागू दिली नाही. तरी दोन्ही पावलं वाकडी. साधारण हजार बाळांत एकाला असतं, बहुतेकांत कारण सापडत नाही, काही घरांत पुढच्या पिढीतही दिसतं. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मोजमाप

मी ऑर्थोटिस्ट आहे, हे बूट बनवणं-बसवणं हेच काम. एएफओबद्दल बोलतो.

प्लास्टरने पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून आणलेलं असतं. स्नायू आणि आतल्या बाजूचे बंध मात्र चार-पाच वर्षांपर्यंत परत आत ओढत राहतात. त्याविरुद्ध पाऊल बाहेर वळलेलंच धरून ठेवायचं असतं. तुमच्या मुलीच्या डाव्या बुटाचा कोन बघा, ६० ते ७० अंश बाहेर असेल, चांगल्या पायाचा ३० ते ४०. बार मध्ये किंचित वाकवलेला असतो, त्यामुळे पावलं १०-१५ अंश वर उचललेली राहतात. बारची लांबी खांद्यांच्या रुंदीइतकी. एएफओ गुडघ्याखाली संपतो. तो घोट्याला काटकोनात धरेल, पण त्याच्या आत अख्खी नडगी पावलासकट आत फिरू शकते. अडवायला काही नाही. बारला जोडलेला उजवा पाय हा डाव्याचा खुंटा आहे. 'चांगल्या पायाला कशाला' याचं उत्तर एवढंच.

एएफओ वाईट नाही. पाऊल लुळं पडलं असेल, सेरेब्रल पाल्सी असेल, तिथे मी रोज बनवतो. इथे तो चुकीच्या कामाला लावला जातोय, आणि हा सल्ला देणारे दुकानदार मला दर महिन्याला एक तरी पेशंट पाठवतात, पाऊल परत वळल्यावर.

आधी प्लास्टर, मग बूट आणि बार, ही पद्धत डॉ. इग्नासिओ पॉनसेटी यांची. जन्म स्पेनचा, काम अमेरिकेत आयोवाला, २००९ मध्ये गेले. तुमच्याकडचे चामड्याचे बूट आणि लोखंडी बार असतील तर तो बहुधा स्टीनबीक ब्रेस, युगांडात तिथल्याच चामड्या-लोखंडातून बनवता यावा म्हणून केलेला. महागड्या मऊ सँडलचे प्रकारही मिळतात, नाजूक टाचेला बरे पडतात, पण तत्त्व तेच.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट येतं, आणि अनेक सरकारी रुग्णालयांतल्या क्लबफूट क्लिनिकमध्ये क्युअर इंडिया या संस्थेतर्फे बूट मोफत मिळतात. बोटं बुटाच्या पुढच्या कडेवरून खाली वळायला लागली की माप बदला. कोन स्वतः स्क्रू सैल करून बदलू नका, तेवढं हात जोडून सांगतो.

कराडचा_बाबा

सगळ्यांचे आभार. काल रात्री बॅटरी घेऊन भोक बघितलं. टाच दिसतच नव्हती, चांगलं बोटभर वर होती. टाचेमागे लालसर चट्टाही आहे, फोड नाही. म्हणजे तीन आठवडे आम्ही बांधतोय असं नुसतं वाटत होतं. डॉक्टरांना फोन केला, शुक्रवारी बोलावलंय.

एएफओ नाही करत. आईला मोजमाप यांचा खुंट्याचा मुद्दा वाचून दाखवला. म्हणाली, मग आधी तसं सांगायचं ना, गुराला खुंटा लागतो हे मला कळत नाही होय?

बार्शीकर ताई, एक राहिलं. बारला कापड गुंडाळलं की ते रात्रीतून सुटून पायात गुंतत नाही का? तुम्ही शिवून टाकलं होतं की नुसती गाठ?

बार्शीकर_पुण्यात

शिवलं. गाठ ती तोंडात घालेल.