दुबईचा फ्लॅट अर्धवट, बिल्डर म्हणतो ताबा घ्या. शेवटचा हप्ता भरू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, गेले आठ दिवस डोकं पिकलंय, कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

आम्ही नाशिकचे, इंदिरानगर. हे रिटायर झाले त्याच सुमाराला कॉलेज रोडला एका हॉटेलात दुबईच्या प्रॉपर्टीचं प्रदर्शन लागलं होतं, चहा-समोसा खाऊन येऊ म्हणून गेलो आणि टोकन देऊन आलो. हसू नका, पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकल्याचे पैसे हातात होते आणि भाचा शारजाला असतो त्यामुळे धीर आला. जेव्हीसी भागात वन बीएचके, ८ लाख दिरहम, ६० टक्के बांधकाम चालू असताना आणि ४० टक्के ताब्याच्या वेळी. पहिले ६० टक्के वेळच्या वेळी भरलेत, बुकिंगची सरकारी नोंदणीही नावावर आहे.

आता मेल आलाय की बिल्डिंग तयार, ३० दिवसांत ३ लाख २० हजार दिरहम भरा आणि किल्ल्या घ्या. भाचा शनिवारी बघायला गेला आणि व्हिडिओ कॉल लावला. अहो काय सांगू, किचनच्या कपाटांना दारंच नाहीत, बाल्कनीला काचेच्या रेलिंगच्या जागी प्लायवूड ठोकलंय, हॉलच्या टाइल्सवर नाणं वाजवलं तर चार ठिकाणी पोकळ आवाज. मी म्हटलं बाथरूममध्ये एक बादली पाणी ओत, ओतलं तर पाणी जाळीकडे जायचं सोडून निवांत बेडरूमच्या उंबऱ्याकडे निघालं. तिथला माणूस म्हणतो मॅडम ही किरकोळ कामं आहेत, ताब्यानंतर करून देऊ.

आमचं घर बांधलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचे शेवटचे पैसे यांनी अडवून धरले होते, गच्चीचं गळणं थांबल्यावरच दिले. तिकडेही तसंच करायचं म्हणतायत. चालतं का हो तिकडे असं? आणि तक्रार करायची तर कुणाकडे, आपलं महारेरा तर तिथे चालणार नाही ना?

प्रतिसाद:
ताई, मी नाशिकरोडचा, १४ वर्षं दुबईत आहे. पहिलं म्हणजे काकांना सांगा पैसे नुसते अडवून बसू नका. इथे हप्ता थकला की बिल्डर लँड डिपार्टमेंटला (इथलं सरकारी जमीन खातं) कळवतो, तिथून तुम्हाला ३० दिवसांची नोटीस येते, आणि काम ८० टक्क्यांच्या वर झालं असेल तर करार मोडून फ्लॅटच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला ठेवून घेता येते. म्हणजे उलटं तुमच्याच गळ्याशी येईल. त्यापेक्षा मुदतीच्या आत लेखी मेल टाका, फोनवर बोलून काही उपयोग नाही. कम्प्लिशन सर्टिफिकेटची (काम पूर्ण झाल्याचा दाखला) कॉपी मागा, ते मिळाल्याशिवाय त्याला ताबा देताच येत नाही. दुबई रेस्ट नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तुमच्या प्रोजेक्टचं किती टक्के काम झालंय ते दिसतं.

मग स्नॅगिंग करून घ्या, म्हणजे ताब्याआधीची तपासणी. पैसे घेऊन करणारे बरेच आहेत, फोटोंसकट रिपोर्ट देतात. भाच्याची बादलीची आयडिया भारी आहे, पण रिपोर्टला वजन जास्त. रेरा इथेही आहे, नाव तेच, पण ते दुबई लँड डिपार्टमेंटच्या हाताखाली, तक्रार तिथेच करायची. आपल्याकडे ताब्यापासून ५ वर्षं बिल्डर बांधला गेलेला असतो, इथे स्ट्रक्चरला १० वर्षं पण प्लंबिंग, वायरिंग, एसी असल्या गोष्टींना ताब्यापासून १ वर्षच. त्यामुळे बाथरूमचं आत्ताच लेखी घ्या. अजून एक, २००७ च्या एस्क्रो (म्हणजे ग्राहकांचे पैसे प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याच्या) कायद्यानुसार काम पूर्ण झाल्यावरही ५ टक्के रक्कम वर्षभर खात्यात अडकवून ठेवतात, दोष निघाले तर उपयोगी पडावी म्हणून. तेव्हा बिल्डर अगदीच मोकळा सुटत नाही.

प्रतिसाद:
पैसे पाठवायचं पण बघा. एका आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यात तुम्ही आरामात बसता. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आधीच कापून घेतलेला कर) घेते. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतं, पण तोवर पैसे अडकतात. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या खात्यातून पाठवा, १०-१० लाखांची सूट वेगवेगळी मिळेल. आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात फ्लॅट दाखवताय ना? बरेच जण विसरतात. (हॉटेलातल्या समोशाचा भाव काय पडला ते तुम्हीच काढा 😄)

धागाकर्ती:
समोशावरून घरात आधीच बोलणी खाल्लीयेत, तुम्ही नका आता. पण दोघांचेही मनापासून आभार. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, रिटर्नचं सीएला विचारते. काल रात्रीच मेल टाकला, व्हिडिओपण जोडला. सकाळी तिकडून फोन आला, आवाज एकदम मऊ, म्हणे इन्स्पेक्शनची तारीख देतो. मी म्हटलं तारीख मेलवर पाठवा. हे अजून पैसे अडवायच्याच बाजूने आहेत पण ४० टक्क्यांचं वाचून दाखवल्यावर जरा गप्प बसलेत.

आता एकच राहिलं. ताब्याच्या वेळी सह्या भाचा करणार, त्याला मुखत्यारपत्र लागेल. इथल्या वकिलांनी सांगितलं नुसतं नोटरी करून भागत नाही, परराष्ट्र खात्याचा आणि यूएईच्या वकिलातीचा शिक्का लागतो. हे नाशिकला बसून होतं का, की मुंबईला खेटे घालावे लागतील? कुणी एवढ्यात केलं असेल तर किती दिवस धरायचे तेवढं सांगा, ३० मधले ९ गेलेत.